दादांच्या आठवणींच्या पुस्तिकेत टेम्पोची वर्षं घ्यावीत का?

नंदानगरची लेक (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमचे दादा, म्हणजे वडील, गेल्या पितृपक्षात गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापायची आणि नातेवाइकांना, गिरणीतल्या त्यांच्या सोबत्यांना द्यायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. दोघे भाऊ पुण्याला आहेत. इंदुरात मीच, म्हणून मजकूर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. बरंच जमलंय, पण एका ठिकाणी घरात मतभेद झालेत. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतेय.

आधी दादा कोण होते ते सांगते, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

दादा इथल्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याची पेळूसारखी वात काढणारी ती यंत्रं. त्यांच्या मोठ्या रुळावर तारांचे बारीक दात असतात, त्यात रुई अडकते. ती काढायची, दात बोथट झाले की त्यांना धार लावायची, हे त्यांचं काम. पाळी सुटून घरी आले की भुवया, कानांवरचे केस, बंडीची शिवण, सगळं पांढरं. आई त्यांना ओटल्यावरच थांबवायची आणि जुन्या पंचाने पाठ झटकायची. दादा डोळे मिटून उभे राहायचे. आम्हा पोरांना तेव्हा त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. आंघोळ झाली की मग मांडीवर बसायला मिळायचं, आणि सेव-परमलच्या वाटीतला पहिला घास आमचा.

सोमवारी दादा गप्प असायचे. छाती भरून यायची, जिना चढताना कठड्याला धरायचे. मंगळवार-बुधवारपर्यंत बरं वाटायचं. ते म्हणत, "रविवारी आराम केला की शरीर आळसावतं." म्हणून पुढे पुढे रविवारीही काहीतरी काम काढून बसत.

श्रावण संपत आला की घरी उशिरा येणं सुरू व्हायचं, कारण झांकी. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते: अनंत चतुर्दशीला इथे गिरण्यांच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर पौराणिक देखावे, हलणाऱ्या मूर्ती, हजारो दिवे, पुढे आखाडे. रात्रभर चिकमंगळूर चौराहा, जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा असा जुलूस चालतो आणि सगळं शहर रस्त्यावर असतं. दादांकडे मूर्ती हलवायचं काम असायचं. एका वर्षी यशोदा ताक घुसळताना दाखवायची होती. हात वरखाली जायचा तो झटका देऊन जायचा, बाहुलीसारखा. दादांनी सायकलचं दातेरी चाक घरी आणलं, त्याच्या कडेला एक खिळा ठोकला, खिळ्याला दांडी जोडली आणि दांडीचं दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या फळीला सुतळीने बांधून चाक हाताने फिरवत बसले. आईला म्हणाले, "तू रवी धर, कशी घुसळतेस ते बघू दे." आईने घुसळून दाखवलं. दादांनी बघितलं की रवी येताना सावकाश येते आणि जाताना भरकन जाते. मग खिळ्याची जागा बदलत राहिले. त्या वर्षीच्या यशोदेचे हात आमच्या आईचे होते, हे गर्दीत फक्त आम्हाला माहीत होतं.

मग गिरणी बंद पडली. कामगारांची देणी गिरणीकडे थकली. मी तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची, भाऊ शाळेत. दादांनी सवाऱ्या नेणारा टेम्पो भाड्याने घेतला आणि राजवाडा ते पाटनीपुरा चालवायला लागले. पहाटे अंधारात निघायचे, रात्री जेवायला यायचे. मालकाला रोजचा ठरलेला पैसा आधी, डिझेल त्यानंतर, उरेल ते घरात. मी होळकर सायन्स कॉलेजातून बीएस्सी झाले ती त्या टेम्पोवर. दोन्ही भाऊ इंजिनिअर झाले तेही त्यावरच. टेम्पोला हात लावल्याशिवाय दादांची एकही दिवाळी गेली नाही. संध्याकाळी पाचपर्यंत फेऱ्या, मग घरी लक्ष्मीपूजन.

आता मतभेद. धाकटा भाऊ म्हणतो, गिरणी आणि झांकी भरपूर लिही, टेम्पोचं नको. "वडील टेम्पो चालवायचे हे सासरच्या माणसांच्या हातात छापील कशाला द्यायचं? 'गिरणी बंद झाल्यावर स्वतःचा व्यवसाय केला' असं एक वाक्य पुरे." तो वाईट मनाने म्हणत नाही. दादांवर त्याचा फार जीव होता, शेवटच्या महिन्यात नोकरीवर रजा टाकून उशाशी बसलेला तोच. मोठा तटस्थ आहे. आई म्हणते, तुमचं तुम्ही बघा.

मला मात्र वाटतं की गिरणीत दादा एकटे नव्हते. खातं होतं, सोबती होते, युनियन होती, झांकीला मिळणाऱ्या टाळ्या होत्या. टेम्पोत ते एकटे होते, चाळिशी उलटलेली होती, छाती आधीच भरलेली होती, आणि तरी त्यांनी आम्हाला कुठेही कमी पडू दिलं नाही. दादांचं सगळ्यात मोठं काम तेच. ते एका वाक्यात घालायला हात धजत नाही.

तुम्ही कोणी असं लिखाण केलंय का? काय ठेवलं, काय गाळलं? आणि गिरणीतल्या जुन्या लोकांकडून माहिती काढायची तर नेमकं काय विचारू? बरेच जण आता ऐंशीच्या घरात आहेत.

---

जुना साळवाला (परदेशीपुरा, इंदूर)

ताई, तुमचं वाचून नातवाला म्हटलं, बस आणि मी सांगतो ते लिहून घे. मी दुसऱ्या गिरणीत, साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होतो. तुमच्या वडिलांना तोंडओळखीने ओळखत असेन, झांकीच्या दिवसांत सगळे एकमेकांच्या आवारात डोकावायचे. दुसऱ्याची झांकी कशी हलते ते बघायला. म्हणजे चोरून बघायला.

टेम्पोची लाज कसली? गिरण्या बंद झाल्या तेव्हा आमच्या खात्यातले काही भाजीची गाडी लावून बसले, काही दुकानांवर चौकीदार झाले, एक जण रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भांडी घासायला जायचा. तोच माणूस दिवसा चौकात भेटला की इस्त्रीचा सदरा. ज्याने घर सोडलं नाही, दारू धरली नाही, पोरांची शाळा सोडवली नाही, तो आमच्यात मोठा माणूस. नाही जमलं ते बरेच होते, त्यांची नावं मी घेणार नाही.

विचारायचं काय ते सांगतो. पहिलं, बिल्ला नंबर. गिरणीत माणूस नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखला जायचा. नंबर सांगा, म्हाताऱ्यांना चेहरा आठवेल. दुसरं, पाळी कुठली आणि जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, कोण होता. तिसरं, डबा कोणाबरोबर खायचे. हे नक्की विचारा, कारण खरी दोस्ती डब्याची. युनियन कुठली हेही विचारा. इंदुरात रामसिंहभाई आणि द्रविड साहेबांची इंटक, म्हणजे काँग्रेसची युनियन, एकीकडे आणि होमी दाजींचे लाल बावटेवाले, म्हणजे कम्युनिस्ट, दुसरीकडे. दाजी 1962 ला इथून लोकसभेत गेले तेव्हा अर्धी गिरणी नाचत होती आणि अर्धी तोंड पाडून होती. तुम्ही नंदानगरच्या, म्हणजे वसाहतीला गुलझारीलाल नंदांचं नाव कसं आलं हे म्हाताऱ्यांकडून ऐकाच, प्रत्येक जण थोडं वेगळं सांगेल.

आणि कागद सांभाळा. हजेरीचं कार्ड, पीएफचं पुस्तक, विम्याचं कार्ड, काहीही फेकू नका. हुकुमचंद मिलवाल्यांचे थकलेले 224 कोटी 2023 च्या डिसेंबरात निघाले, तेव्हा कितीतरी कामगार उरलेच नव्हते. वारसांना आपण वारस आहोत हे दाखवायला कागद धुंडाळावे लागले. पुस्तिकेत एका तरी कागदाचा फोटो टाका.

---

निवृत्त डॉक्टर (इंदूर)

मी अनेक वर्षं कामगार विमा दवाखान्यात होतो, म्हणून एका गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या वडिलांचं सोमवारचं दुखणं आळस नव्हतं. त्याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. सुटीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो, धाप लागते आणि आठवडा पुढे सरकला की सुरुवातीच्या काळात कमी होते. म्हणून त्याला सोमवारचा आजार असंही म्हणतात. वर्षं सरली की मग सगळेच वार सारखे होतात. धूळ सगळ्यात जास्त असते ती कापूस फोडायच्या आणि कार्डिंगच्या खात्यात, आणि त्यातही तारांचे दात साफ करणाऱ्या आणि धार लावणाऱ्या माणसांच्या नाकातोंडात सगळ्यात जास्त जाते. म्हणजे नेमकं त्यांचं काम.

कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. पण कामगार दवाखान्यात आला की "दमा आहे" म्हणायचा, खोकल्याची बाटली घेऊन जायचा, कारण खातं बदललं तर पगार बुडेल ही भीती. तुमच्या वडिलांची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि त्यांचं खातं शेजारी शेजारी ठेवलं तर चित्र फार स्पष्ट आहे. रविवारी ते स्वतःला आळशी समजत होते, हे वाचून वाईट वाटलं. पुस्तिकेत हे जरूर येऊ द्या. नातवंडांना कळू दे की आजोबा कशावर मात करून कामाला जात होते. आणि पुढे अशी छाती घेऊन त्यांनी डिझेलच्या धुरात टेम्पो चालवला.

---

बडोदेकर

थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. तुमच्या भावाचं मत आणि तुमचं मत दोन्ही वाचलं, पण दादांचं मत कुठे आहे? माझे वडील दांडिया बाजारात एका पेढीवर हिशेबनीस होते. मधली काही वर्षं त्यांनी लोकांच्या घरी जाऊन पूजा सांगितली, कारण पगार पुरत नव्हता. त्यांनी ते आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही. गेल्यावर चुलतभावाने शोकसभेत सांगून टाकलं, भल्या हेतूनेच. आईला ते अजिबात आवडलं नाही. माणूस गेला म्हणून त्याने झाकलेलं उघडायचा हक्क आपल्याला मिळत नाही, असं माझं मत आहे. दादा स्वतः टेम्पोविषयी बोलायचे का, हे आधी बघा. बोलत असतील तर बिनधास्त लिहा. नसतील तर भावाचं ऐका.

---

लष्करची सून (ग्वाल्हेर)

ताई, माझे सासरे बिर्लानगरच्या गिरणीत होते. ते गेल्यावर मी असंच लिहून काढलं, छापलं नाही, झेरॉक्स काढून बांधून घेतलं. माझा अनुभव सांगते.

समोर बसवून "आठवणी सांगा" म्हटलं की म्हातारी माणसं भाषण देतात. "फार सज्जन होते, फार कष्टाळू होते." त्यातून हाती काही लागत नाही. सासूबाई बोलत्या झाल्या त्या गहू निवडताना. मी फोन ओट्यावर उपडा ठेवून रेकॉर्डिंग सुरू करायची, त्यांना सांगूनच, पण दहा मिनिटांत त्या विसरायच्या. आणि प्रश्न वस्तूंवरून विचारायचे. डबा कोणता होता, किती पुडांचा? सायकल कुठून घेतली? पहिल्या बोनसचं काय आणलं? आमच्याकडे पहिल्या बोनसचं शिवणयंत्र आलं होतं आणि सासूबाईंनी त्यावर शेजारच्यांची पोलकी शिवून नणंदेच्या लग्नाचे दागिने केले. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मामंजींची गोष्ट काढायला बसले आणि सासूबाईंची निघाली. तुमच्या आईलाही विचारा. टेम्पोच्या वर्षांत घर कसं चाललं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? "तुमचं तुम्ही बघा" म्हणणाऱ्या बायकांकडेच सगळं असतं.

भावाचं म्हणाल तर त्यालाच एक पान लिहायला सांगा. त्याला जे आठवतं ते. काय गाळायचं हा वाद माणूस लिहायला बसला की आपोआप कमी होतो. आमच्या दिरांनी आधी "गरिबीचं काही नको" म्हणून धरलं होतं, आणि त्यांनीच लिहिलं की त्यांच्या दहावीच्या परीक्षेला मामंजी रात्रपाळी करून थेट शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे, तसेच, न झोपता, कपड्यांना रुई चिकटलेली. मी ते टंकताना दोनदा थांबले.

बडोदेकरांचं म्हणणं मात्र मला सोडून देण्यासारखं वाटत नाही. त्याचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागेल.

---

नंदानगरची लेक (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोमवारी मी त्यांना गुळाचा खडा द्यायचे, रुई खाली उतरते म्हणून." मग स्वतःहून पुढचं सांगत बसली. सोमवारच्या डब्यात त्या काळात कायम काय असायचं, रविवारी त्यांना झोपू द्यावं म्हणून ती आम्हाला घेऊन बाहेर कशी जायची, हे सगळं. मी लिहून घेतलंय. भावांनाही तुमचं उत्तर पाठवलं.

बडोदेकर, राग कशाला येईल? तुम्ही नेमका प्रश्न विचारलात. दादा बोलायचे का? खरं तर दादा कशाविषयीच फार बोलत नसत. पण त्यांची एक लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही आहे, बहीखात्याची असते तशी उभी. तुमचं वाचल्यावर ती पुन्हा काढली. टेम्पोच्या सगळ्या वर्षांचा हिशेब त्यात आहे. रोज एक ओळ: मालक, डिझेल, चहा, टायर, उरले ते. आणि मधेच "ताईची फी", "ताईचं प्रॅक्टिकलचं सामान", "धाकट्याचा कंपासबॉक्स". मला ते ताई म्हणायचे. फीच्या दिवशी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ आहे, तशी रेघ दुसऱ्या कशाहीखाली नाही. ही वही त्यांनी देवाच्या कपाटात ठेवली होती, आणि आजारपणात धाकट्यालाच सांगितलं होतं, "वही जपून ठेवा, पोरं मोठी झाली की दाखवा." पोरं म्हणजे नातवंडं. म्हणजे झाकायचं त्यांच्या मनात नव्हतं. उलट ते दाखवायचं होतं, आणि कोणाला, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

धाकट्याशी फोनवर बोलले. वाद घातला नाही, वहीच्या काही पानांचे फोटो पाठवले. त्याला कंपासबॉक्सची ओळ आठवत होती. म्हणजे ओळ नाही, तो दिवस. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत दादा टेम्पो भर रस्त्यात उभा करून, आत बसलेल्या सवारींना "दोन मिनिटं, पोराची परीक्षा आहे" म्हणून दुकानात शिरले होते, आणि एकही माणूस कुरकुरला नाही. तो पुढच्या सीटवर बसलेला होता. त्याने ते पान लिहायचं कबूल केलंय. सासरच्यांचं काय, असं मी विचारलं नाही आणि त्यानेही पुन्हा काढलं नाही.

मग पुस्तिका अशी करतोय: झांकीवर मी लिहिते, टेम्पोवर धाकटा, सोमवारांवर आई सांगेल ते, आणि मोठ्याकडे कागद आणि फोटो. वहीचं एक पान जसंच्या तसं छापणार.

लष्करच्या वहिनी, आईकडून अजून काढायचंय. गहू नाही, पण मेथी निवडायला बसवते.

काका, बिल्ला सापडला. आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये होता. नंबर इथे लिहीत नाही, समोर दाखवीन. दादा डबा कोणाबरोबर खायचे ते आईला नक्की आठवत नाही, दोन नावं सांगते. त्यातले एक तुमच्याच बाजूला राहतात म्हणे. रविवारी दुपारी तुम्ही घरी असाल तर आईला घेऊन येते. जिना असेल तर आधी सांगा, तिच्या गुडघ्यांना जमत नाही.